शहराच्या वीज कंपनीने पवनचक्क्यांत घातलेला पैसा: हिशेब नेमका कसा मागायचा?

प्रश्न थोडक्यात असा: नगरपालिकेच्या मालकीच्या वीज कंपनीने गेल्या दहा-बारा वर्षांत निरनिराळ्या पवनऊर्जा प्रकल्पांत हिस्से घेतले. वार्षिक अहवालात पवनचक्क्यांचे फोटो भरपूर, आकडा मात्र एकच: "गुंतवणुकीवरील उत्पन्न". प्रकल्पवार हिशेब मागितला की "व्यावसायिक गोपनीयता" असं उत्तर येतं. मग फायदा होतोय की तोटा हे बाहेरच्या माणसाने ओळखायचं कसं, आणि मागायचं तरी काय?

अशा प्रकल्पांची खाती मी बरीच वर्षं तपासली आहेत, कधी कर्ज देणाऱ्याच्या बाजूने, तर कधी हिस्सा विकत घेणाऱ्याच्या. आधी उत्तर देतो, मग कारणं. "नफा किती?" असं विचारू नका. गुंतवणुकीचा निर्णय झाला त्या दिवशी संचालक मंडळापुढे किंवा नगरसभेपुढे जो अंदाज ठेवला होता तो, आणि त्यानंतर प्रत्यक्षात जे घडलं ते, प्रत्येक प्रकल्पाचं, वर्षागणिक, एकाच पानावर शेजारी-शेजारी मागा. वीजनिर्मिती अंदाजे किती, प्रत्यक्ष किती. मालकाच्या हातात पडलेली रोख अंदाजे किती, प्रत्यक्ष किती. एवढं एक पान मिळालं तर बाकीच्या शंभर पानांची फारशी गरज उरत नाही. आणि या पानात लपवण्यासारखं व्यापारी गुपितही फारसं नसतं, पण त्याकडे नंतर येतो.

"नफा" हा आकडा इथे का फसवा ठरतो ते पाहू. नगरपालिकेची कंपनी पवनचक्क्या सहसा स्वतःच्या नावावर घेत नाही. प्रत्येक प्रकल्पासाठी वेगळी कंपनी उभी राहते, तिच्यावर बँकेचं कर्ज असतं, आणि नगर-कंपनीकडे असतो तिचा २५ किंवा ४९ टक्के हिस्सा. कधी मध्ये आणखी एक धारक कंपनी असते. हिस्सा निम्म्याहून कमी असला की प्रकल्पाचे आकडे मुख्य कंपनीच्या ताळेबंदात ओळीने मिसळले जात नाहीत, एका ओळीत उरकले जातात. काही देशांच्या लेखापद्धतीत तर ती गुंतवणूक खरेदीच्या किमतीलाच वर्षानुवर्षं पडून राहते. मूल्य कायमचं घटलंय असं व्यवस्थापन आणि लेखापरीक्षक म्हणेपर्यंत बाहेर काहीही दिसत नाही, आणि तसं म्हणायची घाई कुणालाच नसते.

दुसरी गोष्ट वाटपाची. पवनचक्कीचा प्रकल्प पहिल्या वर्षांत हिशेबाने तोट्यात असूनही रोख वाटू शकतो, कारण घसारा, म्हणजे यंत्रांच्या झिजेपोटी हिशेबात धरलेला खर्च, मोठा असतो पण तो खिशातून जात नाही. ती रोख वर आली की प्रसिद्धीपत्रकात "आठ टक्के परतावा" असं झळकतं. एक साधं गणित करा. १०० रुपये घातले आणि २० वर्षं दरवर्षी ८ रुपये मिळाले. आठ टक्के वाटतात ना? पण विसाव्या वर्षी मूळ १०० परत मिळत नाहीत. तिथे जुनी यंत्रं उभी असतात आणि ती उतरवायचा खर्च समोर असतो. दरवर्षीच्या त्या आठात मुद्दलाचा तुकडाही येत होता. खरा परतावा जेमतेम पाच टक्के पडतो. यात कुणी खोटं बोललेलं नसतं, फक्त वाटप आणि नफा हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात.

तिसरी युक्ती जरा आडवळणाची आहे, ती मला एकदा प्रत्यक्ष भेटली. एका नगर-कंपनीने प्रकल्प-कंपनीला भागभांडवलाबरोबर मालक म्हणून कर्जही दिलं होतं. हा प्रकार सर्रास चालतो, त्यात गैर काही नाही. व्याज सात टक्के. वारा कमी पडला, बँकेचा हप्ता भरल्यावर मालकाच्या व्याजाला पैसेच उरेनात. मग ते न दिलेलं व्याज दरवर्षी मुद्दलात मिळवलं गेलं, आणि वरच्या कंपनीने तेच व्याज आपल्या पुस्तकात उत्पन्न म्हणून धरलं. सलग चार वर्षं! म्हणजे प्रकल्प जितका आजारी, तितकं मालकाचं "उत्पन्न" वाढतं. पाचव्या वर्षी सगळं एकदम निर्लेखित झालं, म्हणजे बुडीत धरून पुस्तकातून काढलं गेलं, आणि सभेत सांगितलं गेलं की "बाजारातल्या बदलांमुळे". हे मला कळलं ते ताळेबंदाखालच्या टिपांमधल्या तीन ओळींवरून: "संबंधित कंपन्यांना दिलेली कर्जं" हा आकडा दरवर्षी वाढत होता, पण रोखप्रवाह पत्रकात नवं कर्ज दिल्याची नोंदच नव्हती. तुमच्या हातात फक्त छापील वार्षिक अहवाल असला, तरी ही तपासणी घरबसल्या होते. कर्ज वाढलं, रोख गेली नाही, तर वाढलंय ते व्याज.

आता वाऱ्याकडे. प्रकल्प घेण्याआधी वारा-अभ्यासाचा अहवाल येतो. त्यातले दोन शब्द तुम्हाला पाठ हवेत. पी-५० म्हणजे प्रत्यक्ष निर्मिती ज्याच्या वर किंवा खाली जाण्याची शक्यता निम्मी-निम्मी, असा आकडा. पी-९० म्हणजे नव्वद टक्के शक्यतेने जो गाठला जाईलच, असा सावध आकडा. अनिश्चितता १२ टक्के धरली तर पी-९० हा पी-५० च्या सुमारे ८५ टक्के येतो. १५ टक्क्यांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण समजा, पी-५० च्या वर्षात १०० रुपये महसूल येतो. त्यातले २५ देखभाल, विमा आणि जमीनभाड्याला जातात, ५८ कर्जाच्या हप्त्याला, आणि मालकाला उरतात १७. वारा पी-९० इतकाच वाहिला तर महसूल ८५. देखभाल आणि हप्ता तेवढाच. मालकाच्या हातात २. वारा १५ टक्क्यांनी कमी, मालकाची रोख जवळजवळ ९० टक्क्यांनी कमी. बँक आपला हप्ता पी-९० किंवा त्याहून सावध आकड्यावर बेतते आणि निवांत झोपते. नगरसभेपुढच्या टिपणीत मात्र बहुतेक वेळा पी-५० एकटाच असतो.

तोही कधी कधी चुकीचा. एका टिपणीत मी "वार्षिक निर्मिती" म्हणून छापलेला आकडा मूळ अहवालात शोधत गेलो. तो सापडला नुकसानीच्या तक्त्याच्या वर, म्हणजे एका चक्कीच्या सावलीत दुसरीला कमी वारा मिळणं, यंत्रं बंद राहणं, तारांमधली गळती, हे काहीही वजा करण्याआधीचा ढोबळ आकडा. निव्वळ आकडा त्याच पानावर सहा ओळी खाली होता. हेतू वाईट होता असं मला आजही वाटत नाही, टिपणी लिहिणाऱ्याला फरकच माहीत नव्हता. पण त्या सहा ओळींवर वीस वर्षांचं गणित उभं राहिलं.

अंदाज फुगलेले असणं हा नवशिक्यांचाच रोग आहे असंही नाही. समुद्रातल्या पवनऊर्जेतली जगातली आघाडीची कंपनी ओर्स्टेडने ऑक्टोबर २०१९ मध्ये जाहीर केलं की चक्क्यांच्या रांगांमुळे वाऱ्याला होणारा अडथळा आपण कमी लेखला होता, आणि निर्मितीचे व परताव्याचे अपेक्षित आकडे खाली आणले. जर्मनीत वाऱ्याच्या "सरासरी वर्षा"चा निर्देशांकच एकाहून अधिक वेळा खाली सुधारावा लागला, कारण ज्या वर्षांवर तो बेतला होता ती जास्त वाऱ्याची निघाली. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. ओर्स्टेडमध्ये डेन्मार्क सरकारचा निम्म्याहून थोडा अधिक हिस्सा, पण कंपनी शेअर बाजारात नोंदलेली. म्हणून चूक कळताच भागधारकांना सांगणं तिला भाग पडलं. नगर-कंपनीचे भागधारक म्हणजे अख्खं शहर, पण त्यांना सांगायला लावणारा बाजार तिथे नसतो. तुमच्या प्रश्नाचं मूळ मला इथे दिसतं.

किमतीची जोखीम तर बहुतेक लोक लक्षातच घेत नाहीत. टेक्सासमधल्या जॉर्जटाउन शहराचं उदाहरण प्रत्येक नगरसेवकाने वाचावं असं आहे. या शहराच्या वीज विभागाने स्वतः पवनचक्क्या घेतल्या नाहीत, स्पिनिंग स्पर ३ या प्रकल्पातून १४४ मेगावॉटचा २०३५ पर्यंतचा खरेदी करार केला, आणि पुढे १५० मेगावॉट सौर विजेचाही. शंभर टक्के नवीकरणीय शहर म्हणून देशभर नाव झालं. पण करार गरजेपेक्षा मोठे होते. उरलेली वीज बाजारात विकून पैसे येतील असं गृहीत होतं, आणि स्वस्त नैसर्गिक वायूमुळे बाजारभाव पडलेले. २०१८ मध्ये वीज खात्यात सुमारे ६८ लाख डॉलरची तूट आली आणि २०१९ च्या सुरुवातीला ग्राहकांचं बिल महिन्याला सरासरी १२ डॉलरहून अधिक वाढलं. लोक याला "पवनऊर्जा महाग पडली" म्हणतात. मला ते पटत नाही. शहराने वीज घेता घेता नकळत वीजबाजारात मोठा सट्टा घेतला, आणि त्या सट्ट्याचा आकार कुठल्याही एका पानावर ठळकपणे लिहिलेला नव्हता. म्हणून मागणीत हा प्रश्न घाला: ठरलेल्या दराने घेतलेल्या विजेतली किती आपण स्वतः वापरतो, आणि किती बाजारात सोडतो?

जिथे पवनचक्कीची वीज बाजारभावाने विकली जाते तिथे आणखी एक गोम आहे. जोराचा वारा सुटला की परिसरातल्या सगळ्याच चक्क्या एकदम फिरतात आणि भाव पाडतात. त्यामुळे पवनचक्कीला मिळणारा भाव हा बाजाराच्या सरासरीपेक्षा कमीच. जर्मनीत घाऊक भाव शून्याखाली गेलेले तास २०२३ मध्ये ३०१ होते, २०२४ मध्ये ४५७. त्या तासांत अनुदानाचा दरही बऱ्याच चक्क्यांना मिळत नाही. अंदाजपत्रकात "सरासरी बाजारभाव गुणिले युनिट" असं दिसलं, तर तो हिशेब तिथेच बाजूला ठेवा.

उलट बाजूही सांगायला हवी. २०२२ मध्ये युरोपात विजेचे भाव असे भडकले की अनेक रडतखडत चालणारे प्रकल्प एका वर्षात हिरो झाले. युरोपीय संघाला महसुलावर मेगावॉट-तासाला १८० युरोची तात्पुरती मर्यादा घालावी लागली. त्या एका वर्षाचा नफा दाखवून कुणी आधीच्या दहा वर्षांवर पांघरूण घालत असेल, तर ते चालवून घेऊ नका. तसंच कमी वाऱ्याचं एक वर्ष धरून तुम्हीही कुणाला फासावर लटकवू नका. प्रत्येक वर्षाचा आकडा हवा तो यासाठीच.

बांधकामाच्या काळातले धक्के वेगळेच. जर्मनीतल्या बोरकुम बेटाजवळचा त्रिआनेल हा समुद्री प्रकल्प तीसहून अधिक नगर-कंपन्यांनी एकत्र येऊन उभारला, ४० चक्क्या, २०० मेगावॉट. २०१३ चं नियोजन होतं, किनाऱ्यापर्यंतची केबल वेळेत आली नाही आणि पूर्ण क्षमतेला २०१५ उजाडलं. त्याच्या दुसऱ्या टप्प्यात चक्क्या पुरवणारी सेनव्हिऑन कंपनीच २०१९ मध्ये दिवाळखोरीत गेली, तरी २०२० मध्ये तो टप्पा सुरू झाला. पहिल्यासारख्या विलंबात जर्मन कायद्याने भरपाई मिळते, पण ती "इतर उत्पन्न" या ओळीत जाऊन बसते आणि तिचा बोजा शेवटी देशातल्या सगळ्या वीजग्राहकांच्या बिलात येतो. त्यामुळे "इतर उत्पन्न" ही ओळ नेहमी फोडून मागा.

दूरच्या देशातल्या हिश्श्यांत कायद्याची जोखीमही येते. म्युनिकच्या नगर-कंपनीने वेल्सच्या किनाऱ्याजवळच्या ग्विंट-इ-मोर प्रकल्पात ३० टक्के, उत्तर समुद्रातल्या डानटिस्क आणि सँडबँकमध्ये ४९-४९ टक्के हिस्से घेतले. नॉर्वेतल्या फोसेन भागातल्या रोआन प्रकल्पातही तिचा हिस्सा होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने फोसेनमधले परवाने अवैध ठरवले, कारण तिथल्या सामी या आदिवासी समाजातल्या रेनडिअरपालकांच्या सांस्कृतिक हक्कांचा भंग झाला होता. चक्क्या तोवर फिरत होत्या, आणि तडजोडीला आणखी दोन वर्षांहून जास्त काळ गेला. म्युनिकच्या करदात्याने रेनडिअरच्या चराऊ कुरणांचा विचार कधी केला असेल? म्हणून परवान्यांवर चालू असलेल्या दाव्यांची यादीही मागण्यासारखी आहे.

आता गोपनीयता. हा बचाव सगळाच खोटा नसतो. देखभाल करारातला दर, चालू वाटाघाटीतली किंमत, ज्या प्रकल्पाची बोली अजून लागायची आहे त्याचं गणित, हे उघड झालं तर शहराचंच नुकसान. टेक्सासच्या माहिती कायद्यात तर सार्वजनिक वीज कंपन्यांसाठी वेगळं कलमच आहे, ५५२.१३३, त्याखाली स्पर्धेशी संबंधित माहिती रोखता येते. पण दहा वर्षांपूर्वी केलेला वाऱ्याचा अंदाज आणि गेल्या वर्षीची निर्मिती कळून कुठल्या प्रतिस्पर्ध्याला काय फायदा? वारा काही बोली लावत नाही. जर्मन घटनात्मक न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये रेल्वेच्या प्रकरणात म्हटलं की पूर्णपणे सरकारी मालकीच्या कंपनीच्या कारभाराबद्दल संसदेला उत्तर देणं सरकारवर बंधनकारक आहे, आणि अशी कंपनी खासगी उद्योगासारखा मूलभूत हक्कांचा आधार घेऊ शकत नाही. तो निकाल संघराज्याबद्दलचा आहे, नगरसभेला तो जसाच्या तसा लागू होत नाही, पण तर्क उचलायला हरकत नाही.

शिवाय निम्मी माहिती आधीच उघड्यावर असते. अमेरिकेत ऊर्जा माहिती प्रशासनाच्या ९२३ क्रमांकाच्या नमुन्यात प्रत्येक मोठ्या वीजकेंद्राची निर्मिती मिळते. जर्मनीत प्रत्येक चक्की सार्वजनिक नोंदवहीत आहे आणि पारेषण कंपन्या अनुदानित प्रकल्पांचे वार्षिक आकडे प्रसिद्ध करतात. डेन्मार्कच्या ऊर्जा विभागाची यादी सगळ्यांत सुरेख: देशातली एकेक चक्की, ती कधी उभी राहिली, कधी उतरवली आणि किती वीज दिली. कोपनहेगनसमोरच्या मिडलग्रुंडनचं उदाहरण मला म्हणूनच आवडतं. २००० साली उभ्या राहिलेल्या २० चक्क्या, एकाच कमानीत. दहा शहराच्या वीज कंपनीच्या, दहा नागरिकांच्या सहकारी संस्थेच्या, तिचे ४०,५०० वाटे विकले गेले. एक वाटा म्हणजे वर्षाला १००० युनिट विजेचा अंदाज. सभासदाला पारदर्शकता समजावून सांगावी लागली नाही: आपल्या वाट्याला हजाराऐवजी किती युनिट आले, हे तो दरवर्षी पाहायचा. मी वर जे एक पान म्हणतोय ते हेच आहे, फक्त एका वाट्याऐवजी शहराच्या आकाराचं.

तेव्हा सार्वजनिक निर्मिती आकडे आधी स्वतः गोळा करा. जिथे दर ठरावीक आहे तिथे दर गुणिले युनिट करून महसूल काढता येतो, आणि प्रकल्प-कंपनीचं सादर केलेलं खातं जवळ असेल तर तो जुळवूनही पाहता येतो. असा तक्ता घेऊन सभेत गेलात की संभाषणाचा सूर बदलतो. "आम्हाला सांगा" असं विचारणाऱ्याला टोलवता येतं, "आमचा आकडा अंदाजाच्या ८७ टक्के येतोय, तुमचा किती?" असं विचारणाऱ्याला टोलवणं जड जातं.

त्यापुढे दोनच गोष्टी मागायच्या राहतात, आणि त्या ताळेबंदाच्या बाहेर असतात. एक, मुख्य कंपनीने किंवा शहराने प्रकल्पाच्या कर्जासाठी दिलेल्या हमी, त्यांची रक्कम आणि मुदत. हिस्सा २५ टक्के आणि हमी त्याहून जास्त, असंही मी पाहिलंय. दोन, चक्क्या उतरवण्यासाठी बाजूला ठेवलेली रक्कम, आणि ती खरोखर बँकेत आहे की फक्त पुस्तकात तरतूद म्हणून. जर्मन शहरांत नगर-कंपनीच्या वीज-गॅसच्या नफ्यातून बस आणि पोहण्याचे तलाव यांचा तोटा भरून काढण्याची जुनी पद्धत आहे. तिथे पवनचक्कीने पैसे दिले नाहीत तर झळ पोचते ती तलावाच्या तिकिटाला, आणि दोन्हीचा संबंध कुणी जोडत नाही.

अर्ज कसा करायचा तर अगदी नेमका. "पवनऊर्जेची सर्व माहिती द्या" असं लिहिलंत तर नकार येणारच, आणि तो रास्तही असेल. प्रकल्पाचं नाव, निर्णयाच्या बैठकीची तारीख, त्या टिपणीतला निर्मितीचा आणि रोखीचा वर्षवार अंदाज, तो पी-५० होता की पी-९०, आणि तेव्हापासूनचे प्रत्यक्ष आकडे, इतकंच लिहा. निर्णयाची मूळ टिपणी सर्वांत आधी मागा, कारण अधिकारी बदलले, कार्यालय हललं की हरवतो तो हाच कागद. "असा तौलनिक तक्ता आमच्याकडे ठेवलाच जात नाही" असं उत्तर बऱ्याचदा तोंडी मिळतं. ते लेखी घ्या, तारखेसकट, आणि पुढच्या अंदाजपत्रकी सभेच्या विषयपत्रिकेला जोडा.